मुकादमाचं नाक

मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणं हे त्यांचं काम. संग्रहालयात सगळे त्यांना पेंढाकाका म्हणत. तीस वर्षांत त्यांनी घुबडापासून अस्वलापर्यंत सर्वांना मरणोत्तर उभं केलं आणि खालच्या पाट्याही स्वतःच्या हाताने लिहिल्या: घुबड अंधारात कानांनी उंदीर पकडतं, सशाला मान न वळवता मागचं दिसतं.

या कामात हात दुय्यम, नाक मुख्य. मिठात मुरत घातलेलं कातडं रोज हुंगायचं. ते नासू लागलं की आधी नाकाला कळतं, डोळ्यांना फार उशिरा. चार वर्षांपूर्वी एका तापात काकांची वास घेण्याची शक्ती कायमची गेली. हे ठाऊक होतं फक्त काकूंना.

"साहेबांना सांगून टाका एकदाचं," काकू म्हणाल्या.

"काय सांगू? डोळे गेलेत, पण गाडी मीच चालवतो?"

काकांनी मग एक बिनपगारी तज्ज्ञ नेमला: मागच्या दारी लोळणारा भटका कुत्रा. कातडं चांगलं असलं की तो जांभई देई. नासलेलं असलं की नेमक्या त्या जागी नाक खुपसून लाळ गाळी. काका तेवढी जागा खरवडून पुन्हा मीठ चोळत. त्याचं नाव त्यांनी मुकादम ठेवलं. चार वर्षांत तो एकदाही चुकला नाही. संग्रहालयात असा दुसरा कोणी नव्हता.

नवे साहेब आले ते स्वच्छतेचं व्रत घेऊन. "संग्रहालय आहे की कोंडवाडा?" म्हणत त्यांनी मुकादमाला हाकललं, मागच्या दाराला जाळी ठोकली आणि काकांना बजावलं, "नव्या दालनासाठी आलेला हा लांडगा नीट झाला तर तुमची खोली राहील. नाहीतर यापुढे सगळे प्राणी प्लास्टिकचे."

काकांनी लांडग्याला दुप्पट मीठ चोळलं. बाकी नशिबावर सोडलं.

दालनाच्या उद्घाटनाला ते इस्त्रीचा शर्ट घालून लांडग्याशेजारी हसतमुखाने उभे राहिले. पाहुणे जवळ आले आणि रुमाल नाकाशी गेले. सर्दीची साथ असावी, काकांना वाटलं. तेवढ्यात पुढच्या दारातून, माणसांच्या पायांतून वाट काढत मुकादम आत आला, शेपूट हलवत थेट लांडग्याच्या मांडीत नाक खुपसून लाळ गाळू लागला.

काकांचं हसू मावळलं.

"अहो, तुम्हाला वास येत नाही का?" साहेब खेकसले.

"त्याला येतो," मुकादमाकडे बोट दाखवत काका म्हणाले. ही त्यांची कबुली आणि हाच राजीनामा.

आता तिथे प्लास्टिकचा लांडगा आहे. पाटी मात्र जुनीच ठेवली आहे: 'लांडगा नाकावर जगतो. नाक गेलेला लांडगा फार दिवस टिकत नाही.'

अक्षर सुरेख आहे, असं साहेब सगळ्यांना सांगतात.