पहिले द, मग ध

गजूदादा गेला तेव्हा मला क्षणभर हलकं वाटलं होतं.

आज वर्ष झालं, म्हणून लिहून टाकतो.

नालवाडीतल्या फ्लेक्सच्या दुकानात आम्ही दोघंच. तो सातवी पास, मी बारावी नापास. माझ्याकडे अवघड शब्दांची वही. एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात पुरावा. त्याच्याकडे काहीच नाही.

तरी मी डिझाइन दाखवलं की गिऱ्हाईक विचारायचं, "गजूनं पाह्यलं का?"

सहा वर्षं. जळायचो मी त्याच्यावर.

एकदा पवनारच्या एका काकांनी वडिलांच्या बॅनरवर बोट ठेवलं. "श्रध्दांजली बरोबर आहे न?"

मी वही उघडली. मोबाइलमधले फोटो दाखवले. रस्त्यावरचे अकरा बॅनर, अकराही असेच. आधी ध, मग द.

गजूदादा हसायलाच लागला. "अबे, हे अकराही तूच बनवले न! तूच लिवलं आन् तूच साक्षीदार?"

"मंग तू सांग, काय बरोबर आहे?"

"मले नाई माईत."

गिऱ्हाइकासमोर!

"काका, पाच मिनिटं बसा. गुरुजीले विचारून येतो."

मागच्या गल्लीतल्या रिटायर्ड गुरुजींनी कोश काढला, शब्द फोडून दाखवला. हा परत येऊन म्हणतो, "पह्यले द, मंग ध. आतापर्यंत आपन चुकलो, काका."

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.

काका म्हणाले, "म्हनूनच तुह्याकडं येतो, बावा."

चूक कबूल केली, तर भाव त्याचाच वाढला. मी निदान पुरावा तरी आणला होता!

मग एका सकाळी तो झटक्याने गेला. आता 'गजूनं पाह्यलं का' कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक नुसतं माझ्या तोंडाकडे बघतं.

गेल्या आठवड्यात वहिनी त्याच्याच बॅनरचा मजकूर घेऊन आल्या. त्यात 'स्मृतिदिन' होतं. ति ऱ्हस्व की दीर्घ?

वहीत शब्द होता. पुरावा : आमचाच एक जुना बॅनर.

वही मिटली.

"वहिनी, मले नाई माईत. थांबा, विचारून येतो."

त्यांचे डोळे भरले. "हे बी असंच म्हनत. या विचारून, मी बसते."

सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो भरवसा मिळाला, तोही तुझ्याच वाक्यावर. अजून जळतो रे तुझ्यावर.

चौकातल्या तुझ्या बॅनरवर आज सगळं बरोबर आहे. मी नाही म्हणत, गुरुजी म्हणतात.

पहिले द, मग ध.

भावपूर्ण श्रद्धांजली, गजूदादा.