चौथी पाळी

मल्लाप्पा जॉबर पहिल्यांदा आले ते दारातूनच ओरडत. "बाई, उपनिषद शिकवता न्हवं?" भांडण समजून शेजारचे दोघे बाहेर आले. इचलकरंजीत चाळीस वर्षं चालत्या मागांच्या खडखडाटात बिघडलेले माग दुरुस्त करून त्यांचा आवाजच तसा झाला होता. त्यांना जाऊन वर्ष झालं. आमच्या आळीत आता इतक्या मोठ्यानं कुणी बोलत नाही.

पिशवीत बारा मंत्रांच्या उपनिषदाचं छोटं पुस्तक होतं. अर्थ त्यांनी मराठीतून वाचलेला. उच्चार मात्र कानानंच घ्यायचे, आणि कानच चालले होते. यंत्र लावूनही फार दिवस निभणार नाही, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. "आदी बारा पदरात घाला. मग जाऊ द्यात कान."

मी संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. 'श'च्या जागी 'स' आला की ओळ पहिल्यापासून म्हणायला लावायची. ते एकदाही कुरकुरले नाहीत.

जागृती, स्वप्न, गाढ झोप आणि या तिन्हींना जाणणारी चौथी अवस्था, तुरीय, हे मी पंधरा मिनिटं समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे तीन पाळ्या. आन् चौथी?"

"तिला पाळी म्हणता येत नाही," मी वैतागून म्हटलं.

"व्हय की. पाळ्या बदलत्यात, कामगार बदलत्यात. लाईट तिन्हीस्नी एकच. ती चौथी."

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, याचा रागच आला.

अकरा मंत्र झाले आणि ते दोन आठवडे आलेच नाहीत. आले तेव्हा दारात ओरडले नाहीत. "उजवा आदीच गेलता. आता डावा बी गेला." एकच मंत्र राहिला होता. मी वही शोधायला उठले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "तुमी म्हणा. माग चालू असताना कुणाला ऐकू येतंय? जलमभर आमी व्हटच वाचल्यात."

मी म्हणत गेले, ते ओठ बघत गेले. 'श' आणि 'स' ओठांवरून कळेनात, तेवढ्यापुरतं वहीत काढून दाखवलं. चौथ्या वेळी त्यांनी मंत्र अचूक म्हटला, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा.

ओमच्या अ, उ, म या तीन मात्रा संपल्यावर उरते ती चौथी, आणि तिला आवाज नाही, असं हा शेवटचा मंत्र सांगतो. म्हणून मी ओम म्हटलं आणि तोंड मिटून थांबले. माझ्या मिटलेल्या ओठांकडे ते तितक्याच लक्षानं बघत राहिले. त्यांनीही ओठ मिटले. बराच वेळ आम्ही तसेच बसलो.

मग ते हसले. "बाई, ह्यो उच्चार काय माझा चुकला न्हाई."