नाचणगावले पोहोचलो, पण गाडी थांबली नाई

अगोदर चहा घ्या पोटात. कारण हे ऐकून तुम्ही हसान, अन् मी काही हसायच्या मनःस्थितीत नाई. त्या दिवसाचा थकवा अजून माह्या कंबरेतून गेला नाई, खरं सांगतो.

माही पोरगी स्वाती. वर्ध्याच्या शाळेत गणित शिकवते. तिच्यासाठी पोरं पाहून पाहून मी अन् तिची आई असे थकलो होतो का विचारूच नका. पोहे करून करून बायकोचा हात दुखे, अन् पाहुण्यायसमोर हसून हसून माहे गाल. स्वाती हो म्हणे ना नाई म्हणे. नुसती चूप बसे. चूप म्हणजे नाई, हे आम्हाले पाहुणे गेल्यावर समजे.

पण नाचणगावच्या वैभवचा फोटो पाह्यला अन् पोरगी हसली! चोरून हसली, पण मी बाप आहो, मले दिसलं. मंग ठरवलं, या वेळी काही कमी पडू द्यायचं नाई. फोनवर त्याच्या वडलाले, मारोतरावजींले, म्हणून बसलो, "एसटीनं काऊन येता? आपली गाडी आहे ना! मी सोता येतो तुम्हाले घ्याले."

कोणी सांगितलं होतं? कोणीच नाई!

आता गाडी आमची जुनी, अन् बॅटरी मालकासारखीच थकलेली. आदल्या दिवशी गाडी धुतली, पुसली, आतून नवरीवानी सजवली अन् सकाळी बोरगाव मेघेहून निघालो. निघालो कुठचा! क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, तं कर्रर्र! गल्लीतलं कुत्रं उठलं अन् दुसरीकडे जाऊन झोपलं.

बायको दारातून म्हणते, "अवो, मेकॅनिकले बलवा."

"मेकॅनिक कायले? मी आहो ना!"

मोबाइलवर गाड्यायचे व्हिडिओ पाहून पाहून मी अर्धा मेकॅनिक झालो, असं माहं मत. बायकोचं नाई. मी रीतसर तपासणी केली. इंजिन बंद करून गिअर टाकले, तं सगळे लोण्यावानी पडले. इंजिन चालू केलं, तं पुन्हा कर्रर्र.

"पाह्यलं? गिअरबॉक्स ठणठणीत आहे. क्लच पुरा सुटून नाई राह्यला."

"मंग आता?"

"मंग काही नाई. इंजिन बंद असतानाच पहिला टाकायचा अन् स्टार्टर मारायचा. गाडी उचक्या देत निघते. पुढचे गिअर रेस सोडून अंदाजानं टाकायचे. फक्त थांबायचं नाई."

"अन् थांबली तं?"

"थांबतच नाई ना मी!"

निदान बरोबर होतं हो! आजही छातीवर हात ठेवून सांगतो, निदान एकशे एक टक्का बरोबर होतं.

स्टार्टर मारला. गाडी निघाली, पण बॅटरीनं असा काही कण्हण्याचा आवाज काढला का मी समजून गेलो, ही बाई आज दुसऱ्यांदा उठणार नाई. म्हणजे आता खरंच थांबायची सोय नव्हती. देवळीच्या चौकात पोलिसानं हात दाखवला, तं मी आतूनच नमस्कार केला अन् पुढे निघालो. म्हशी आडव्या आल्या, तं त्यायच्या मागं मागं रस्त्याखाली उतरलो अन् त्यायच्यासोबतच वर चढलो. असं करत करत नाचणगाव आलं.

घर सापडलं. फाटकासमोर तिघं उभे. मारोतरावजी इस्त्रीच्या शर्टात, त्यायच्या सौभाग्यवती नव्या लुगड्यात, अन् मधात वैभव. पोरगं फोटोपेक्षा चांगलं! तिघायनं हात जोडले. मीही हात हलवला, हसलो...

अन् दुसऱ्या गिअरमध्ये त्यायच्यासमोरून निघून गेलो.

काय करू? थांबलो असतो तं संपलं होतं! म्हणलं, देवळाले वळसा घालून परत येऊ, तोवर कसं चढवायचं ते सुचते. काही सुचलं नाई. परत आलो, पुन्हा हात हलवला, पुन्हा पुढे गेलो.

आता त्यायनं काय समजावं सांगा! पोराचं घर दुरून पाहून जायची रीत आपल्याकडे आहेच. पोरीचा बाप गाडीत बसून हळूहळू समोरून जाते, घराकडे पाहून हसते, अन् थांबत नाई! वैभवच्या आईनं नंतर मले सांगितलं, "मी आमच्या ह्यायले म्हणलं, अवो, घर नापसंत झालं वाटते. तरी म्हणत होती दिवाळीले रंग मारून घ्या!"

पुढच्या चकरेले पाहतो, तं फाटकापुढचा फुटका ड्रम गायब. त्याच्या पुढच्या चकरेले वाळत घातलेले कपडे गायब, अन् वैभवची माय झाडू घेऊन अंगणात. शेजारीपाजारी गच्चीवर. मी आतून ओरडतो, "बसा! बसा!" तं ते बिचारे ओट्यावर बसले!

शेवटी मारोतरावजीचं टाळकं सरकलं. रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे.

"भाऊ, हे काय लावलं? घर पसंत नसन तं नाई म्हणून सांगा ना! चकरा मारून चारचौघात इज्जत काऊन काढून राह्यले?"

"घर झकास आहे! तुम्ही बसा!"

"आत्ताच तं बसलो होतो!"

"गाडीत बसा!"

"चालत्या?"

मी ब्रेक मारला. नाई तं काय, व्याही चाकाखाली घेऊ? गाडीनं एक मोठी उचकी दिली अन् बंद पडली. मले तं रडूच कोसळलं होतं. पोरीचं हसणं डोळ्यासमोर आलं. बायकोचं तोंडही आलं.

सगळं सांगितलं. क्लच, बॅटरी, म्हशी, सगळं. मारोतरावजीनं लंबा श्वास सोडला. "म्हणजे घर पसंत आहे?" मी म्हणलं, "लय पसंत आहे." मंग ते बाह्या वर करून म्हणाले, "चला, धक्का मारू."

व्याह्याच्या हातून गाडीले धक्का! वैभवची आई गाडीत मागं एकटी बसलेली, बापलेक घामाघूम होऊन ढकलून राह्यले, गच्चीवरचे लोक टाळ्या वाजवून राह्यले. गाडी घरंगळली, मी दुसरा टाकला, इंजिन सुरू झालं अन् मी खिडकीतून ओरडलो, "पळा, थांबता येत नाई!" वैभव टुणकन मागं बसला. मारोतरावजी पळत पळत पुढचं दार धरून आत पडले. त्यायची एक चप्पल मात्र नाचणगावातच राह्यली.

पुलगाव मागं पडलं तरी त्यायची धाप थांबली नव्हती. मंग उघडा पाय खाली टेकवून मोठ्या मनानं म्हणाले, "गालिचा बाकी मऊ टाकला हो भाऊ. तुमच्याही पायाखाली आहे का?"

"आहे ना! सोफ्याखालचा होता. तुमच्यासाठी म्हणून कापून सगळीकडे..."



खाली पाह्यलं. गालिच्याची जाडजूड घडी होऊन क्लचच्या पॅडलखाली बसली होती. पॅडल खाली जाणार तरी कुठून? मारोतरावजीनं वाकून ती ओढून काढली अन् मांडीवर घेऊन बसले. मी क्लच दाबला. तो गेला, जिथवर जायले पाह्यजे तिथवर गेला. तिसरा गिअर असा पडला का आवाजही नाई.

घरी आलो. बायकोनं पाहुण्याच्या एका पायातली चप्पल पाह्यली, मांडीवरचा गालिचा पाह्यला, माह्याकडे पाह्यलं. तिले काही सांगा लागलं नाई. पोहे झाले, चहा झाला. स्वाती आली, बसली, अन् नेहमीसारखी चूप! म्हणलं, गेलं हेही! अन् या वेळी तं माह्या पायानंच गेलं.

तेवढ्यात मारोतरावजीनं कप खाली ठेवला. "आमच्याकडून पसंती आहे. मागणं काही नाई. पण एक अट आहे."

अट म्हणल्यावर पोरीच्या बापाचं काय होते, तुम्हाले माहीत आहे. मी हात जोडले. "सांगा ना, जे म्हणान ते."

"लग्नात नवरानवरीची गाडी तुम्ही चालवायची नाई."

कोणी हसायच्या आत, आजवर एकाही पाहुण्यासमोर तोंड न उघडलेली माही पोरगी ताडकन बोलली.

"मले मंजूर आहे!"