आक्कानं भरलेली पिसं

नागेशचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, वर्गात शिकवत होतो. "अण्णा, आक्का गेली," एवढंच म्हणाला... थोरली बहीण गेल्याचं ऐकून डोळ्यांपुढे आली ती कॉम्प्युटरचं पोट उघडून बसलेली आक्का. तोंडात स्क्रू, आणि वर मलाच दम, "उजेड अडवू नको की!"

गावाकडे शुक्रवार पेठेत आमचा चादरींचा छोटा कारखाना. नान्ना, म्हणजे आमचे वडील, डिझाइन कागदावर काढायचे आणि आक्का ते कॉम्प्युटरवर चढवायची. नान्ना गेल्यावर तो कॉम्प्युटरही थकला. कारखाना बघणारा धाकटा भाऊ नागेश म्हणाला, भंगारात देऊ. आक्का कसली ऐकते! तिनं आतली हार्ड डिस्क काढून एका डबीत बसवली. डिस्कचे तीन भाग होते, ते पुसून एकच मोठी जागा करायची आणि पेनड्राइव्हांवर विखुरलेली सगळी डिझाइनं तिथं ठेवायची, असा बेत. पुसण्याआधी तिनं डिझाइनांचा भाग दुसरीकडे उतरवूनही घेतला. पण नान्नांचा मोर, त्यांचं सगळ्यांत नावाजलेलं डिझाइन, त्या भागात नव्हताच! शेजारचे कारखानदार नक्कल करतील या धास्तीनं नान्नांनी तो कुणालाही न सांगता दुसऱ्या भागात, देवांच्या फोटोंत लपवला होता. हे ध्यानात आलं तोवर डिस्क नव्यानं भरून झाली होती. मोराचा मूळ कागद तर केव्हाच फाटून गेलेला. दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले.

नागेश रडकुंडीला आला. "आक्का, मोर गेला की! नान्नांचं नाव व्हतं त्यात."

"डिस्कमधनं गेलाय. चादर कुटं गेलीय? हाय की आईच्या अंगावर!"

तिनं आईच्या अंगावरची जुनी चादर खरोखरच ओढून घेतली. आई कुरकुरत राहिली आणि ही भिंग लावून, एकेक धागा मोजत, मोर नव्या कॉम्प्युटरवर चढवत बसली. पिसाऱ्यापाशी चादर पार विरली होती, मोजायला धागाच नव्हता. तिथली पिसं आक्कानं स्वतःच्या मनानं भरली. डोळे सुजले, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भारी हट्टी बाई! त्या हट्टाचा आज मला केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू...

दिवसवार झाल्यावर कारखान्यात गेलो. आक्काची डिस्क टेबलावर चालू होती आणि मागावर मोर उतरत होता. एका व्यापाऱ्यानं पिसाऱ्यावरून हात फिरवत विचारलं, "डिझाइन कुणाचं हो?" इतकी वर्षं नागेश "नान्नांचं" म्हणायचा, आक्कासमोरसुद्धा, आणि तीही मान डोलवायची.  त्या दिवशी मात्र तो मागांच्या खडखडाटातही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"आमच्या आक्काचं."