अमृताच्या चौघडियातली बस

गाडी थंडच बघायची, हे आमच्या यांचंच वाक्य. बँकेत असताना गाड्यांची कर्जं यांच्याच टेबलावरून जायची, त्यामुळे नात्यात कुणाला जुनी स्कूटर घ्यायची असली तरी आधी यांना बरोबर न्यायचे. हे जाऊन पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवत. गरम लागलं की म्हणत, "आम्ही चहा पिऊन येतो, मग बघू." तापवून ठेवलेलं इंजिन कसंही असलं तरी पटकन सुरू होतं, खरं काय ते गार असतानाच कळतं. आणि याच माणसाने त्या स्कूल बसच्या मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, "हम अमृत के चौघड़िये में आएँगे."

मी पोळ्या लाटत होते. ऐकलं आणि पीठ लागलेला हातच कपाळावर मारून घेतला. चौघडिया, म्हणजे पंचांगातली दीडेक तासाची शुभ-अशुभ वेळ, बघितल्याशिवाय आमच्या उज्जैनला कुणी फ्रीजसुद्धा घरात आणत नाही. काल, रोग, उद्वेग टाळायचे. अमृत, शुभ, लाभ धरायचे. मीही तेच करते. पण ते मनात ठेवावं ना.

"अहो, झडतीला येतोय म्हणून आधी कुणी कळवतं का?"

"अगं, शुभ काम आहे. तो पण पंचांग बघणारा माणूस आहे," हे म्हणाले. मी पुढची पोळी लाटायला घेतली.

बस कशाला, ते सांगते. यांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतात, पाऊल उचलायला वेळ लागतो, आणि लघवीला लागली की धरवत नाही. मुलगी नाशिकला असते. तिच्याकडून परत येताना रेल्वेत बाथरूमपर्यंत पोचायच्या आतच व्हायचं ते झालं, सगळ्या डब्यादेखत. त्यानंतर यांनी फाटकाबाहेर जाणंच सोडलं. दवाखान्यात जायचं म्हटलं तरी सकाळपासून पाण्याचा थेंब घेणार नाहीत. मग कधीतरी मोबाइलवर यांनी बघितलं की लोक जुन्या स्कूल बसमध्ये पलंग, ओटा, संडास बसवून घेतात आणि गावोगाव हिंडतात. झालं. स्वतःचा संडास बरोबर असला तर ड्रायव्हर ठेवून मी येतो, असं मुलीला सांगून मोकळे झाले. मला मात्र झोप लागेना. खटारा गळ्यात पडला आणि घाटात बंद पडला, तर हा माणूस पुन्हा उंबरा ओलांडणार नाही. आणि बस नकोच म्हटलं, तरी तेच.

बस भैरवगढच्या रस्त्याला एका आवारात उभी होती. पलीकडे छपाईवाल्यांच्या चादरी वाळत घातल्या होत्या. काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, उदबत्त्यांचा धूर, आणि इंजिन सुरू. मालक हात जोडून पुढे आला. "आओ भाईसाब, अमृत लगते ही पूजा करके गाड़ी चालू कर दी आपके लिए."

इंजिन काय गोड घुमत होतं. यांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि नमस्कार केला. मला असा संताप आला. जन्मभर लोकांना शिकवलं आणि स्वतःची वेळ आल्यावर हार बघून हात जोडले. पूजा केलेल्या गाडीवर संशय कसा घ्यायचा, हेच यांच्या मनात असणार, मला कळत होतं. मी मालकाला म्हटलं, "भैया, बंद करो. ठंडी होने दो. फिर चालू करना."

"भाभीजी, तब तक तो काल लग जाएगा."

"लगने दो."

यांचा चेहरा पडला. "अगं, कालमध्ये कुठे नवी गाडी सुरू करतात?"

"नवी नाहीये ती. जुनी आहे," मी म्हटलं आणि बसमध्ये जाऊन बसले.

थंडीचे दिवस होते, तरी इंजिन निवायला बराच वेळ जाणार होता. यांना पायऱ्या चढवायला मला आणि मालकाला दोन्हीकडून धरावं लागलं. आत पोरांची ती बुटकी बाकं. एका बाकाच्या पाठीवर कुणीतरी पेनाने मिशीवाले मास्तर काढले होते. मी रबराची चटई उचलून खालचा पत्रा बघितला, खिडक्या सरकवून बघितल्या. सगळं धड होतं, त्यामुळे जीव जास्तच टांगणीला लागला. हे मात्र मांडामांड करायला लागले होते. पलंग इथे, ओटा तिथे, मागच्या दाराशी संडास. "आणि खिडकीपाशी तुझी खुर्ची ठेवू," म्हणाले. मी हूं म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं ते यांना दिसू दिलं नाही.

मालकाने चहा मागवला. यांनी नको म्हटलं. मी यांच्या तोंडाकडे बघत बसले होते, कारण ते गप्प झाले की मला कळतं. झालेच गप्प.

"अगं, लागली."

मी उठेपर्यंत मालक पायरीवर हजर. त्याने यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला, आवाराच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या संडासापर्यंत यांच्या चालीने चालत नेलं. दाराला कडी नव्हती, म्हणून पाठ करून, दार ओढून धरून उभा राहिला. परत आले तेव्हा मी आधी यांची पँट बघितली. कोरडी होती. त्या माणसावर मला आता धड चिडताही येईना.

इंजिन निवलं तेव्हा काल लागलेला होता. हे तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, बहुधा स्तोत्र. मालकाने किल्ली फिरवली. घर्र घर्र, आणि बंद. परत फिरवली, परत तेच. पुढच्या वेळेला धाडकन आवाज झाला, अख्खी बस हादरली आणि मागून पांढरा धूर चादरींच्या दिशेने गेला. आत ठकठक चालूच. "लो, हो गई," मालक म्हणाला, पण आमच्याकडे बघून नाही.

खरं सांगते, त्या क्षणी मी घेऊ या म्हणणार होते. थंड करा म्हणून हट्ट मीच धरलेला, पण यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, जाऊ दे, इंजिन दुरुस्त करून घेऊ, काय वाटेल ते करू. तेवढ्यात यांनी हात पुढे केला आणि इंजिनाच्या झाकणावर ठेवला. झाकण थडथडत होतं, हात थरथरत होता.

"नहीं भैया," हे म्हणाले, "ये तो मुझसे भी ज़्यादा काँपती है."

मालक हसला आणि त्याने किल्ली काढून घेतली. आम्हाला रिक्षात बसवायला तोच आला.

रिक्षात मी यांचा दंड धरून बसले. आता घरी जाऊन हे भिंतीकडे तोंड करून पडतील, मुलीचा फोनही घेणार नाहीत, हेच डोक्यात. मीच थंड करायला लावली होती ना. जरा वेळाने हे म्हणाले, "देवास रोडला अजून एक आहे म्हणतात. ती न सांगता बघू."

"आणि चौघडिया?"

"तो घरी बघू. कुणाला फोन नाही करायचा."

फ्रीगंज आलं तशी यांनी रिक्षा थांबवायला लावली. टपरीवर पातेलं उकळत होतं. मी म्हटलं, "अहो, घर अजून लांब आहे."

"असू दे," हे म्हणाले. "चहा सांग. कट नको, फुल सांग."