काकांच्या गाडीची काच

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. आमच्या रेवदंड्यात किल्ल्याच्या तटापाशी अमक्याला हे दिसलं, तमक्याला ते दिसलं, असं कुणी सुरू केलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — "किती घेतली होती?" रोह्याजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. बावीस वर्षं दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेतोय, त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांवर भारी विश्वास. तेव्हा हे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. मी स्वतःही घाबरलो नव्हतो. मला लाज वाटली होती... आणि अजून वाटते.

माझा छंद म्हणजे जुन्या प्लास्टिक मॉडेल कार. पन्नास-साठ वर्षांपूर्वी परदेशात खोक्यातून सुटे भाग मिळायचे — बॉडी, इंजिन, सीट, चाकं, काच — ते चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर लांबीची गाडी तयार. कुणीतरी कधीकाळी वेड्यावाकड्या जोडलेल्या अशा गाड्या मी शोधून आणतो, त्यांचे सांधे सोडवतो, रंग उतरवतो आणि नव्याने बांधतो. आमच्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर अशा गाडीला 'ग्लू बॉम्ब' म्हणतात. गोंद इतका फासलेला, की गोंदाचा बॉम्बच फुटलाय जणू. हा शब्द मी फार चवीने वापरायचो.

माझ्या बायकोची मावशी, यमुनामावशी, दिवेआगरला असते. नारळ-सुपारीची वाडी आहे, मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. तिचे यजमान वसंतकाका परदेशी बोटींवर इंजिनरूममध्ये होते. रजेवर येताना कुठल्या कुठल्या बंदरांतून ही खोकी आणायचे आणि ओटीवर बसून जोडायचे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या गाड्यांशी खेळायचेही तेच. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. पुढे वादळ आलं, त्यात निम्मी वाडी झोपली, पत्रे उडाले, ओटीवरचं काचेचं कपाट आडवं झालं. कपाटातली निळी गाडी तेवढी वाचली. एक चाक निखळलं, बस.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. भाचीचा नवरा म्हणजे मी मावशीचा जावई. ती माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी, पण मला अहोजाहो करते. मी गेलो की पाट मांडणार, मी जेवून उठल्याशिवाय स्वतः बसणार नाही, आणि माझं एकही वाक्य खोडणार नाही. मी म्हटलं आज बुधवार, तर तिच्या घरात बुधवार.

गेल्या गणपतीत आम्ही गेलो होतो. आरती झाल्यावर मावशीने पंच्यात गुंडाळलेली ती गाडी बाहेर आणली.

"जावईबापू, तुमी अशा गाड्या करता ना? याचा चाक निखळलाय बघा. तेवढा बसवून द्याल का?"

मी गाडी हातात घेतली आणि सवयीने चुका काढायला लागलो. होडीला मारतात तो ऑइलपेंट, जाड, ब्रशने फासलेला, त्यात ब्रशचे दोन केस अडकून वाळलेले. दारं वाकडी. आणि पुढच्या काचेवर, आतल्या बाजूने, गोंदाने उमटलेला अख्खा अंगठा. रेषा न् रेषा दिसत होती. मधोमध एक तिरकी चीर — काकांचा उजवा अंगठा बोटीवर फाटला होता, त्याचा व्रण.

"चाकाचं काय घेऊन बसलात मावशी," मी म्हणालो. "शोरूममधून आल्यासारखी करून देतो. बघाच तुम्ही."

"नको वो, कशाला तुमाला तरास..."

"त्रास कसला त्यात!"

तिने एकदा गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. तुमाला ठीक वाटंल तसा." आणि पंच्याची घडी घालत आत गेली. ते 'बरं' म्हणजे होकार नव्हता. जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून होतं ते. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं असेल, मला सोडून.

घरी आल्यावर गाडी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवली, बोंबलांशेजारी. बायकोने माझा उद्धार केला. थंडीने जुना गोंद ठिसूळ होतो आणि सांधे कट्कट् सुटतात. मग बॉडी ब्रेक ऑइलमध्ये भिजवली. तिसऱ्या दिवशी टूथब्रशने घासली तर बेसिन निळंशार झालं. ती काच पॉलिश करून साफ झाली असती, पण म्हटलं कोण खटपट करणार. माझ्याकडे त्याच मॉडेलचं एक न जोडलेलं खोकं होतं, सुट्या भागांसाठी राखलेलं, त्यातल्या प्लास्टिकच्या चौकटीतून नवी काच तोडून घेतली. जुनी काच कांद्याच्या सालांबरोबर डब्यात टाकली आणि सकाळी डबा घंटागाडीत रिकामा केला. एका क्षणाचाही विचार केला नाही. खरंच केला नाही.

तीन महिने रात्रंदिवस नाही, पण सगळे रविवार त्यात घातले. खऱ्या गाडीला कंपनीने दिलेला फिकट हिरवा रंग शोधून काढला, कडेच्या क्रोमच्या पट्ट्या चढवल्या, दारं सरळ केली. काच बसवताना हातमोजे घातले होते. मग खालचा सांगाडा बॉडीला कायमचा चिकटवला. शेवटी टेबललॅम्पखाली भिंग घेऊन, कारखान्यात तपासतो तशी गाडी तपासली. काच पाण्यासारखी स्वच्छ. चारी बाजूंनी फोटो काढले आणि ग्रुपवर आधीचा आणि नंतरचा असे जोडीने टाकले. वर लिहिलं, 'ग्लू बॉम्ब टू शोरूम'. वाहवा झाली. मी दिवसभर फोन उघडून ती वाचत होतो.

जानेवारीतल्या एका रविवारी गाडी थर्माकोलच्या खोक्यात घातली, टेप मारली, सॅकमध्ये टाकली आणि बाईकवरून एकटाच निघालो. मुरूड, मग आगरदांडा, फेरीबोटीने खाडीपलीकडे दिघी. अकराच्या सुमाराला दिवेआगरला पोचलो. लख्ख ऊन होतं. मावशी ओटीवर सुपाऱ्या सोलत बसली होती. हात धुऊन आली. मी टेप काढली आणि गाडी पाटावर ठेवली.

"अगो बाय! केवढी चकचकीत हाय!" ती कौतुकाने म्हणाली. फिरवून फिरवून बघितली. मग गाडी खाली ठेवली आणि माझ्या सॅककडे पाहायला लागली.

"आन ह्यांची?"

"ह्यांची म्हणजे?"

"ही तुमी नवी दिलीत ती लय चांगली हाय, जावईबापू. पन ह्यांची गाडी... ती न्हाय आनलीत?"

माझे कान तापले. "मावशी, ही तीच आहे," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. जावयाचं वाक्य ती खोडत नाही. पण पाटावरचा हात तिने हळूच मागे घेतला. तिला काय काय सांगितलं मी... बॉडी तीच आहे, इंजिन तेच आहे, सीट त्याच, फक्त रंग बदललाय. कारखान्यात मी नापास केलेला माल घेऊन येणारे लोक माझ्यासमोर उभे राहून असंच बोलतात. मावशीने सगळं ऐकून घेतलं. "चहा टाकते," म्हणाली आणि उठली. उठता उठता, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणूनच, तिने गाडी पुन्हा उचलली आणि दारातल्या उजेडात धरली.

"व्हय की वो! तीच हाय. ह्यो बघा की अंगठा!"

मला वाटलं माझी समजूत काढतेय. मी जवळ जाऊन वाकलो. काचेवर, आतल्या बाजूने, चालकाच्या समोर, त्याच जागी अंगठा होता. गोंद ताजा नव्हता, वर्षानुवर्षांचा पिवळा पडलेला होता. रेषा न् रेषा. मधून तिरकी चीर.

मावशीने बाहेरून आपला अंगठा बरोबर त्यावर टेकवला. "मला वाटला पुसून टाकलात की काय," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, आणि हसतही होती. "ह्यो ठेवलात, बरा केलात वो. रंगाचा काय, रंग कसापन असूं दे."

खरं सांगून टाकायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी काय म्हणालो माहितीये? "हो मावशी. मुद्दामच ठेवला."

सुपरग्लूच्या वाफेने काचेवर बोटांचे ठसे उमटतात, असं सांगणारे हे वाचणाऱ्यांतही निघतील. मलाही माहीत आहे ते. पण मी काचेला सुपरग्लू लावलाच नव्हता, साधा पांढरा गोंद लावला होता, आणि माझ्या अंगठ्यावर व्रण नाही. चुकून जुनीच काच बसवली असं म्हणाल, तर घरी येऊन मी ते सुट्या भागांचं खोकं उघडून पाहिलं. प्लास्टिकच्या चौकटीत काचेची जागा रिकामी आहे. ग्रुपवर टाकलेला फोटो अजून तिथेच आहे, हवा तेवढा मोठा करून बघा, काच स्वच्छ आहे. सांगाडा कायमचा चिकटवल्यावर त्या काचेच्या आत बोट घालायचं तर आधी गाडी फोडावी लागेल. खोकं माझ्या पाठीवरून उतरलं नव्हतं. महिनोन् महिने डोकं खाजवलं, काही सुचत नाही. कुणाला सुचलं तर सांगा, मी तुमची टिंगल करणार नाही.

पण मला छळतं ते वेगळंच. ज्या माणसाच्या अंगठ्याची खूण मी कांद्याच्या सालांत टाकली, त्यानेच मावशीपुढे माझी लाज राखली. आणि मी त्याचंही श्रेय स्वतः घेतलं.

त्या दिवशी निघताना मावशीने काकांची ट्रंक उघडली होती. आत आणखी चार गाड्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. "ह्या पन तुमीच करा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायला जीव व्हत न्हाय." मी म्हणालो, सॅकमध्ये जागा नाही, पुढच्या वेळी नेतो. सॅक रिकामी होती.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला, गाड्या कधी नेताय म्हणून. मी रविवार सांगितला. ठरवलंच होतं, या वेळी सगळं सांगून टाकायचं — काच कुठे गेली तेही. आगरदांड्यापर्यंत गेलो. फेरी लागलेली होती, एक माणूस हात करून बाईकवाल्यांना आत घेत होता. मी टपरीवर एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. फेरी सुटली. मी बाईक वळवली. मुरूडला आल्यावर मावशीला फोन केला.

"मावशी, आज फेरी बंद होती हो. परत निघालोय."

तिच्या मागे माणसांचा आवाज येत होता, कुणीतरी पिशव्या कुठे ठेवू म्हणून विचारत होतं.

"असंल वो," मावशी म्हणाली. "आमच्याकडचे पावने आताच उतरले तिच्यातून, पन असंल बंद. तुमी सावकाश जावा घरी."