स्मोकिंग रूमची मागची भिंत

अगरबत्तीचा धूर उलटा येत होता. मी स्मोकिंग रूमच्या दाराशी उकिडवा बसलो होतो. हातातल्या अगरबत्तीचा धूर दाराखालच्या फटीतून आत ओढला जायला हवा होता, तो माझ्याच तोंडावर येत होता. मागे कॅप्टन उभा होता. हॉटेलात वेटरांच्या प्रमुखाला कॅप्टन म्हणतात.

"देव पावंना व्हय सायेब?" त्यानं विचारलं.

देवाचा काही संबंध नव्हता. हवा कुठून कुठे जाते ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आमच्या धंद्यात अगरबत्ती लावून बघतात. महागडी मीटरं माझ्या बॅगेत असतात, पण गिऱ्हाइकाला अगरबत्तीच पटते. बंद जागेतली वाईट हवा बाहेर काढायची आणि चांगली आत आणायची, हे माझं काम. व्हेंटिलेशन. सांगलीत माझं छोटं वर्कशॉप आहे. पत्र्याचे डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे चौकोनी पाइप, आम्ही तिथेच बनवतो.

हे हॉटेल सांगलीच्या बाहेर हायवेला आहे. पुढे फॅमिली रेस्टॉरंट, आत परमिट रूम, वरच्या मजल्यावर लॉजच्या खोल्या. मालक फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. साताऱ्याकडचे, घरचा ऊस. सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. फौजेत सुभेदार कॅप्टनला सॅल्यूट मारतो, इथे कॅप्टन दिवसभर सुभेदारांना मारायचा. दोघांनाही त्याची गंमत वाटायची.

स्मोकिंग रूमच्या आधी या दोघांचं बरेच दिवस वाजलं होतं. परमिट रूममध्ये 'धूम्रपान मना'च्या बोर्डाखाली बसूनच लोक सिगारेट ओढायचे आणि धूर फॅमिलीच्या बाजूला यायचा. एक बाई तान्ह्या पोराला घेऊन अर्ध्या ताटावरून उठून गेली, तेव्हा सुभेदार पेटले.

"बंदी म्हंजी बंदी. उद्यापास्नं ज्यो ओढंल त्येला भाईर काढायचा," ते म्हणाले.

"काढतो की," कॅप्टन म्हणाला. "पर गलासाबरुबर सिग्रेट न्हाई मिळाली तर मानूस म्होरच्या ढाब्यावर जातंय. मग आमी वेटरांनी काय एकमेकाला वाढायचं?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. हा वाद गावोगाव चालतो आणि असाच अडतो. तेव्हा मला बोलावलं गेलं आणि मी मोठ्या ऐटीत सांगितलं की भांडण्याचं कारणच नाही, आपण हवेची दिशा बदलू.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, पण तीस किंवा जास्त माणसं बसतील एवढ्या रेस्टॉरंटला वेगळी स्मोकिंग रूम करायची सवलत आहे. छतापर्यंत चारी भिंती, आपोआप लागणारं दार, आत काही सर्व्ह करायचं नाही आणि आतली हवा थेट बिल्डिंगच्या बाहेर. खोलीत जेवढी हवा शिरते त्यापेक्षा जास्त बाहेर ओढायची, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच जाते, धूर हॉलमध्ये येत नाही. याला आम्ही निगेटिव्ह प्रेशर म्हणतो. ही सवलतच काढून टाकावी असं म्हणणारेही बरेच आहेत. मी तेव्हा सवलतीच्या बाजूचा होतो. का नसेन? माझं पोट त्यावर होतं.

"नियमात बसतंय का तेवडं सांगा," सुभेदारांनी विचारलं.

"अक्षरशः बसतंय."

"मग करा."

मापं घ्यायला मी मागच्या बाजूला गेलो तो दिवस मला आता पुन्हा पुन्हा आठवतो. मागे बोळासारखी जागा होती. एका बाजूला हॉटेलची भिंत, समोर कंपाउंडची उंच भिंत, वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही टोकं उघडी. तिथे नळाखाली बसून एक बाई भांडी घासत होती. हिराबाई, आटपाडीकडची, पन्नाशीची असेल. घरची मेंढरं होती, आता भावाकडे थोडी उरलीत, असं तिनंच सांगितलं. माझी टेप भिंतीला लागावी म्हणून तिनं भांड्यांचं टप ओढून बाजूला घेतलं. मला तांब्याभर पाणी दिलं.

"काय बसवायचं म्हणं हितं?" तिनं विचारलं.

"पंखा, मावशी."

"बरं हुईल बया. लय उकडतंय. वारं तरी यील."

मी हसलो, भिंतीची उंची लिहून घेतली आणि निघून आलो. घरी बसून ड्रॉइंग काढलं. मागच्या भिंतीतून बाहेर जाणारा एक बाण काढला आणि टोकाशी लिहिलं, बाहेर. ते नियमाप्रमाणे बाहेरच होतं.

खोली झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी दार उघडून, लावून पाहिलं, मान डोलावली. फॅमिलीच्या बाजूला सिगारेटचा वास येईनासा झाला. सुभेदार मला चार लोकांसमोर म्हणाले, "इंजिनियर, तुमी दोघांचं बी भांडान मिटवलासा." मी ते पुढे आठवडाभर घरात ऐकवलं.

सहा महिन्यांनी तक्रार आली. हॉलमध्ये पुन्हा धूर. म्हणून मी त्या दुपारी अगरबत्ती घेऊन दाराशी बसलो होतो.

धूर उलटा येतोय याचा अर्थ ताजी हवा खोलीत शिरतेय, पण मागून बाहेर पडत नाही. आधी वाटलं बेल्ट तुटला. बेल्ट ठीक होता. मोटर फिरत होती, पण आवाज जड येत होता. नाक चोंदलेल्या माणसानं श्वास घ्यावा तसा. म्हणजे पुढे कुठेतरी तुंबलंय. मी शिडी घेऊन मागच्या बाजूला गेलो.

हवा बाहेर पडायच्या तोंडात पोतं कोंबलेलं होतं. सांगलीत कुठेही सापडतं तसं हळदीचं रिकामं पोतं, ओलं करून, घट्ट. मी ओढून काढलं तेव्हा आत साठलेला धूर भपकन अंगावर आला. हात पिवळे झाले. खाली पाहिलं तर हिराबाई टपाजवळून उठून उभी राहिली होती.

"म्याच घातलं सायेब," ती म्हणाली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? दीड तास मी मोटर खोलून बसलो होतो.

"मावशी, मोटर जळली असती."

"व्हय. पर ह्यो सगळा धूर माज्यावर पडतोय. वर पत्रा हाय, जायाला जागा न्हाई त्येला. आदी जरा दम लागायचा, आता रातभर छातीत घरघर हुतीया. खोकला लय आला की पालथ्या टपावर चढून घालतो पोतं. मग काडतो. काल काडायचं ऱ्हायलं."

मी शिडीवरून उतरलो आणि जिथे ती बसायची तिथे उभा राहिलो. दोन मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले. त्या खोलीत एका वेळी सात-आठ माणसं ओढत असत. त्यांच्यासाठी मी हवा चांगली खेळती ठेवली होती. फॅमिलीतल्या पोरांना धूर लागत नव्हता. ओढणाऱ्यांना स्वतःचाच धूर फारसा लागत नव्हता. सगळा गोळा करून, मोटर लावून, मी तो एका न ओढणाऱ्या बाईच्या डोक्यावर सोडत होतो. आणि ती तिथे बसते हे मला ड्रॉइंग काढायच्या आधीपासून माहीत होतं. मी तिच्या हातचं पाणी प्यालो होतो.

"सुभेदारांना सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? खोली बंद झाली तर गिऱ्हाईक तुटंल. गिऱ्हाईक तुटलं की आदी भांडीवाली जाती. तुमी बी माजं नाव सांगू नगा सायेब. पाया पडतो."

"नाही सांगत," मी म्हणालो. शब्द दिला.

आत येऊन अगरबत्ती लावली. धूर सरळ दाराखालून आत गेला. कॅप्टननं हात जोडले. सुभेदार गावाला गेले होते, त्यांना फोन केला. म्हटलं, आउटलेटमध्ये पोतं अडकलं होतं, काढलं. पुन्हा कोणी कोंबू नये म्हणून पाइप मागच्या भिंतीवरून उचलून थेट गच्चीवर न्यायला हवा.

"लॉजच्या खिडकीम्होरनं जाईल की पाइप."

"कोपऱ्यातून नेतो."

"ड्रॉइंग द्या. बगू."

खाली धूर कोणाला लागतो हे मी फोनवर बोललो नाही. मला वाटलं, मशीनच्या नावावर मागितलं तर लवकर मिळेल. मालकाला मशीनची काळजी असते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. शिवाय शब्द दिलेला होता.

मग सर्व्हिस रिपोर्ट लिहिला. प्रत्येक भेटीनंतर आम्ही एक छापील फॉर्म भरतो आणि मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्यात शेवटी रिमार्कचा रकाना असतो. मोटर वॉरंटीत होती. उद्या जळली तर मला बदलून द्यावी लागली असती, म्हणून आपली बाजू कागदावर ठेवायची, ही सवय. मी लिहिलं: एक्झॉस्टच्या तोंडात स्टाफने पोतं कोंबलेलं आढळलं. सिस्टीममध्ये दोष नाही. नाव लिहिलं नाही. शब्द पाळल्याचं मला समाधान वाटलं.

नंतर कवठे महांकाळला एका कोल्ड स्टोरेजच्या कामात अडकलो. दोन दिवसांचं ड्रॉइंग तीन आठवड्यांनी झालं. ते घेऊन हॉटेलात गेलो आणि सवयीनं आधी मागच्या बाजूला गेलो. टपापाशी दुसरीच बाई होती, तरणी. तोंडाला पदर बांधून घासत होती.

"हिराबाई कुठे?"

मागोमाग आलेला कॅप्टन माझ्याकडे बघेना. "काडली की. पंदरा दिस झालं."

मी सुभेदारांच्या टेबलाशी गेलो. ते वर्तमानपत्र वाचत होते. शांत होते.

"तिला का काढलंत?"

"मशीनला हात लावला. उद्या आग लागली असती तर वर लॉजमदी मानसं झोपल्याली असत्यात. मी डिसिप्लिनचा मानूस हाय."

"तिनंच केलं हे कोण म्हणालं?"

त्यांनी मोबाइल काढला, माझा रिपोर्ट उघडला आणि माझ्यापुढे धरला. "तुमीच लिवलंय. स्टाफनं. मागच्या अंगाला माजा स्टाफ किती हाय, इंजिनियर? एक बाई."

मी खुर्ची ओढून बसलो. मग सगळं सांगितलं. पत्रा, धूर, तिची छाती. ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला, हे मला कबूल करायला हवं. वाईट माणूस नाही तो.

"ह्यातलं एक अक्षर तरी हाय का ह्यात?" मोबाइलवर बोट ठेवून त्यांनी विचारलं. "फोनवर तरी बोलला व्हतासा का?"

नव्हतो बोललो.

पाइप पुढच्याच आठवड्यात गच्चीवर गेला. सुभेदारांनी लॉजच्या खिडकीचा विषयसुद्धा काढला नाही. स्वतः शिडी धरून उभे राहिले. काम संपल्यावर म्हणाले, "तिला म्हणावं ये. मी म्हणलो म्हणून सांगा."

कॅप्टनकडून नंबर घेतला. तो तिच्या भावाचा निघाला. आटपाडीत रेंज धड नव्हती, तिसऱ्या दिवशी ती बोलली.

"मावशी, पाइप वर नेला. आता खाली धूर येत नाही. सुभेदार परत बोलावतायत."

आधी तिचा श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा.

"आता न्हाई हुयाचं सायेब. टप उचलत न्हाई. चार पावलं गेलं की बसावं लागतंय. डाक्टर म्हणतोय दमा हाय, फवारा दिलाय तोंडात मारायचा."

धुरामुळेच वाढला का, असं मी विचारलं. डॉक्टर तसं ठाम सांगत नाही म्हणाली. चुलीपुढं पण जन्म गेलाय, आधीही थोडा असंल. मला सुटायला तेवढी जागा होती. ती तिनंच करून दिली.

"मावशी, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"तुमच्यामुळं कशापायी? तुमी नाव सांगितलं न्हाईसा. मला ठावं हाय. कॅप्टन म्हणला, कागदात नाव नव्हतं म्हणून. तुमी शब्द पाळला." मग तिला खोकला आला आणि भावानं फोन घेतला.



ती स्मोकिंग रूम अजून चालू आहे. दर सहा महिन्यांनी मी जातो, दाराशी अगरबत्ती लावतो, धूर सरळ आत जातो. नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे, आणि आधीही होतं. अशा खोल्या असाव्यात की नसाव्यात, यावर आता कोणी मत विचारलं तर मी नसाव्यात म्हणतो. लोक म्हणतात, तुमचाच तर धंदा आहे. आहे. पण धूर नाहीसा करायचं मशीन माझ्याकडे नाही, फक्त दुसरीकडे न्यायचं आहे.

नवीन कामांत मी दोन गोष्टी करतो. ड्रॉइंगवर बाहेर जाणारा बाण काढला की त्याच्या टोकाशी जाऊन दहा मिनिटं उभा राहतो. आणि रिपोर्टच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवून घेतलाय: हवा जिथे सोडली तिथे कोण बसतं. बहुतेक वेळा तिथे कोणीतरी निघतंच. मी नाव विचारतो आणि लिहितो.